अस्वलाखालची लाल रेघ

मी चिडकी आहे. हे मान्य करायला मला काही कमीपणा वाटत नाही. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, तोही हिंदीतून, आणि नर्मदा बंगालच्या उपसागराला नेऊन मिळवणाऱ्या पोरींना शिकवून माणूस गोड राहील तरी कसा? नर्मदेच्या काठावर राहणाऱ्या पोरी या. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापिका म्हणाल्या, "दीदी का गुस्सा हमें बहुत याद आएगा." टाळ्या वाजल्या. मी घरी आले, कुलूप उघडलं, आणि त्यानंतर पुष्कळ दिवस मला रागवायला कोणी नव्हतं.

घर मदन महालला, स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर. दोन खोल्या आणि एक गॅलरी. लग्न केलं नाही. आईवडील गेले, बहीण नव्हतीच कधी. जबलपुरात माझं म्हणावं असं एकच माणूस उरलं आहे, माझी मावशी. ती चेरीतालला राहते, एकोणऐंशी वर्षांची आहे, आणि काका गेल्यापासून तीही एकटीच. तिचा एकुलता एक मुलगा कॅनडात असतो. मी दर रविवारी आणि बुधवारी तिच्याकडे जाते आणि तेवढे दोन दिवस मराठी बोलते. एरवी दूधवाले भैया, वरच्या मजल्यावरच्या भाभीजी, बँकेतली मुलगी, सगळ्यांशी हिंदीच. कधीकधी मंगळवारी वगैरे मी स्वयंपाक करताना मोठ्याने काहीतरी मराठीत बोलते आणि आपलाच आवाज ऐकून जरा ओशाळते.

तर हा सगळा प्रकार मावशीच्या टीव्हीवरून झाला.

टीव्ही तिच्या मुलाने लावून दिलेला. काका गेले तेव्हा तो आला होता. तेरावा झाला, आणि परत जायच्या आदल्या दिवशी त्याने भिंतीवर हा मोठा टीव्ही टांगला. सिनेमे आणि मालिका पाहायचं जे अ‍ॅप असतं, त्यात वेगळं काही न करता स्वतःच्या घरचंच खातं उघडून ठेवलं. "आई, यह हमारा ही है, तू पण इसी में पाहा," असं म्हणाला. तो असाच बोलतो, मराठी कळतं सगळं, पण जिभेवर हिंदीच येते. त्याच्या मुलाला तर तेही नाही. नातू फोनवर येतो, "हाय आजी, आय अ‍ॅम फाइन" म्हणतो आणि पळतो. मावशीला इंग्रजी येत नाही. सात वर्षांच्या नातवाशी तिचं आजवरचं बोलणं एवढंच.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मावशीकडे सोळा बायका होत्या. गल्लीत मराठी घरं आता दोनच उरलीत, म्हणून मावशी सगळ्या हिंदी बायकांनाही बोलावते, आणि त्या वाणासाठी हौसेने येतात. बसायला जागा पुरेना. समोरच्या घरातल्या भाभीजी सोफ्यावर टेकल्या त्या नेमक्या रिमोटवर. त्या रिमोटला एक बटन असतं, ते दाबून बोललं की टीव्ही ऐकतो. भाभीजी शेजारणीच्या कानात आपल्या सुनेबद्दल काही सांगत होत्या. आणि समोर भिंतीवर टीव्ही आपोआप उजळला, आणि त्यावर हाताएवढ्या अक्षरांत वाक्य उमटलं: बहू को दाल में नमक डालने की भी अकल नहीं. त्याच्याखाली डाळ कशी करावी याचे वीस व्हिडिओ.

सून दारातच उभी होती, हातात वाण घेऊन. तिने वाचलं. सगळ्यांनीच वाचलं. मावशी म्हणाली, "घ्या बाप्पा, तिळगूळ घ्या," पण कोणी हात पुढे केला नाही. सुनेने वाण स्टुलावर ठेवलं आणि ती घरी निघून गेली.

पुढे आठ दिवस गल्लीत हेच चालू होतं. जो तो हसत होता. मला हसू आलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. घरात बोललेलं घरात राहावं, एवढी साधी गोष्ट. सासवा सुनांबद्दल काय आजच बोलायला लागल्या? पण भिंतीने ऐकावं आणि लिहून दाखवावं?

दुसऱ्या दिवशी मी चष्मा लावून त्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले. नियम आणि अटींचं पान उघडलं आणि शेवटपर्यंत वाचलं. जगात ते वाचणारी मी बहुधा पहिलीच बाई असेन. त्यात काय नव्हतं? ही बाई किती वाजता टीव्ही लावते, काय पाहते, कुठे थांबवते, काय बोलते, सगळं कुठेतरी पाठवलं जात होतं, आणि त्यावरून तिला गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती दाखवल्या जात होत्या. मावशी पोहे निवडत बसली होती. मी एकेक वाक्य तिला मराठीत सांगत होते.

"काहून गं एवढी तापून राहिली?" ती म्हणाली. "माझं काय आहे लपवण्यासारखं? कीर्तन पाहते मी."

"प्रश्न लपवण्याचा नाही मावशी. आपण काय पाहतो याच्याशी लोकांचा संबंध काय?"

"चलो, कर मग. तुला बरं वाटेल तसं कर."

तिचं हे शेवटचं वाक्य मी परवानगी म्हणून घेतलं. आता वाटतं, तिच्या आवाजात थोडी काळजी होती. पण मी ऐकण्याच्या मनःस्थितीत कुठे होते? मला काम मिळालं होतं.

तीन आठवडे मी त्या कामात बुडाले. जुनी शाळेची वही काढली आणि लिहून ठेवलं की आपल्याला नेमकं काय पाहिजे: टीव्हीला कान नकोत, मावशीचा फोन नंबर कोणाला द्यायचा नाही, आणि बटनं इतकी कमी की ती अंधारातही चुकणार नाही. पाच दुकानं फिरले. प्रत्येक ठिकाणी मुलगा हसून सांगायचा, "दीदी, बस बोलिए और चल जाएगा," आणि मी म्हणायची की भैया, मला बोलायचंच नाहीये, तीच तर गोष्ट आहे. एकाने गच्चीवरच्या डिशची, छत्रीवाली फुकटची जोडणी सुचवली. ती बरी होती, कोणाला काही कळवत नाही बिचारी, पण तिच्यात मावशीची कीर्तनं हव्या त्या वेळी लागत नाहीत. दुसऱ्याने बोटाएवढी कांडी दाखवली, तिच्या रिमोटलाही तेच बोलायचं बटन. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने कपाटाच्या वरच्या खणातून टीव्हीला जोडायचा एक काळा डबा काढून दिला. साध्या बटनांचा रिमोट, मुका. "यह कोई नहीं लेता अब," असं म्हणाला. मी घेतला.

मग टीव्हीचं इंटरनेट तोडलं. त्याच्या आतलं सगळं पुसून टाकलं, अगदी कारखान्यातून आला तसा केला. मुलाचं खातं त्याच्याबरोबर गेलं. डबा जोडला, इंटरनेट फक्त त्याला दिलं, माझ्या नावाने नवं खातं उघडलं, आणि त्यात मावशीसाठी एक कोपरा केला. नाव विचारलं तिथे नुसतं 'अ' लिहिलं. काय पाहिलं ते लक्षात ठेवू का, असं त्याने विचारलं, मी नको म्हटलं. आवडीनुसार सुचवू का? नको. जाहिराती? नको. प्रत्येक 'नको' दाबताना मला पोरींच्या वह्यांवर लाल शाईने फुली मारल्यासारखं बरं वाटत होतं. रिमोटच्या चार बटनांवर नेलपॉलिशचे ठिपके लावले, बाकीच्यांवर चिकटपट्टी. मावशीने पंधरा मिनिटांत सगळं शिकून घेतलं. हुशारच आहे ती.

त्या दिवशी मी रिक्षातून घरी येताना जवळजवळ गात होते.

पुढच्या बुधवारी गेले तर टीव्ही बंद. रविवारी गेले तर टीव्ही बंद, त्यावर तिचा क्रोशाचा रुमाल. पूर्वी मी पायरी चढतानाच कीर्तनाचे टाळ ऐकू यायचे. विचारलं तर म्हणाली, "लावते न. सकाळी लावते थोडा वेळ." चहा ठेवला, मटाराची उसळ वाढली, पण बोलणं कमी. मुलाचा फोन आला होता का? "आला होता गेल्या महिन्यात." तब्येत? "छान आहे." अशी दोन-दोन शब्दांची उत्तरं. मला राग यायला लागला. एवढं राबून करून दिलं आणि ही बाई हात लावत नाही.

तिसऱ्या रविवारी मी बोललेच. "आवडलं नसेल तर तसं सांग न मावशी. मी काय परकी आहे?"

ती लसूण सोलत होती. खूप वेळ सोलत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "तो वरचा पट्टा आता येत नाही काय?"

"कोणता पट्टा?"

"ते 'देखना जारी रखें' लिहिलं राहायचं. त्यात माझं कीर्तन राहायचं, अन् त्यांच्या घरचंही राहायचं." मग घाईघाईने, "मी काही चोरून पाहत नव्हती बा. ते आपोआपच दिसायचं."

मला कळायला थोडा वेळ लागला. मुलाने आपल्या घरचंच खातं लावून दिलं होतं, त्यामुळे कॅनडातल्या घरात जे जे अर्धवट पाहिलेलं असेल त्याची चित्रं मावशीच्या टीव्हीवर ओळीने यायची, तिच्या कीर्तनाच्या शेजारी. त्यात नातवाचं एक कार्टून होतं. एक जाडं अस्वल सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतं, असं काहीतरी. चित्राच्या खाली एक लाल रेघ असते, जितकं पाहून झालं तितकी ती पुढे सरकते. मावशी रोज सकाळी उठली की आधी ती रेघ पाहायची.

"पोट्टं तिथं रात्री जेवताना लावते," ती सांगत होती. "आपल्याकडे सकाळ होते तोवर रेघ पुढे जाऊन राहते. सूनबाई केकचं पाहायची. केक कोणाचा वाढदिवस आला की पाहायची, मला लक्षात आलं होतं. अन् हा लढाईचे सिनेमे लावायचा, पण अर्ध्यात सोडून द्यायचा. थकून येत असेल." लसणीच्या सालींचा ढीग तिने हाताने सारखा केला. "मागच्या वर्षी एकदा अस्वल एका दिवसात चार भाग पुढे गेलं. तिकडे सोमवार होता. मी म्हटलं, शाळा सोडून पोट्टं घरी काहून आहे? फोन लावला. तर ताप होता त्याला. हा म्हणे, आई, तुझे कैसे पता चला?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, आईला कळते."

हे सांगताना तिचा चेहरा असा काही फुलला की मला बघवेना. मग तो परत मिटला. म्हणाली, "अन् मी सकाळी सहाला कीर्तन लावतच होती. ऐकलं, नाही ऐकलं. त्यांनाही दिसत असेल न, आई उठली म्हणून."

आयुष्यभर मी पोरींना बाकावर उभं केलं. त्या दिवशी मला स्वतःलाच बाकावर उभं राहावंसं वाटलं. मी विचारलं, "मला आधी काहून नाही सांगितलं?"

"तू इतकं मन लावून करून राहिली होती. कोणी आपल्यासाठी केलेल्या कामाला नाव ठेवू नये, बेटा."

आमच्या घरात ही रीतच आहे. माझी आईही अशीच होती. कोणी शिवून दिलेलं पोलकं काखेत काचलं तरी ती बाई ते फाटेपर्यंत घालायची आणि शिवणारीला दर वेळी म्हणायची, छान बसलं. मी त्याच घरातली आहे, मला हे माहीत असायला पाहिजे होतं. मावशी 'कर' म्हणाली म्हणजे 'हो' म्हणाली, असं मी धरून कशी चालले?

घरी आले आणि मावशीच्या मुलाला फोन लावला. तिथे रविवारची सकाळ होती. मागे मिक्सरचा आवाज, पोराचा आवाज. मी म्हटलं, तुझं खातं आईच्या टीव्हीवरून माझ्या हातून पुसलं गेलं, पासवर्ड सांग, मी परत जोडते.

मिक्सर बंद झाला. "ताई, सच बोलूँ तो, अच्छाच झालं," तो म्हणाला. "बच्चे की लिस्ट में सब कीर्तन ही कीर्तन येत होतं. त्याला त्याचं कार्टून सापडत नव्हतं, चिडायचा. आम्ही कब से सोच रहे थे की आईला वेगळं करून देऊ, पण तिला सांगायचं कसं? बुरा मान जाती. ते कीर्तन गायब झालं तर मी पासवर्डही बदलून टाकला. तू तिला वेगळं करून दिलंस ना? थँक यू ताई, खरंच."

तो वाईट मुलगा नाही. हे मला इथे लिहिलंच पाहिजे. त्याच्या आवाजात खरंच कृतज्ञता होती, आणि म्हणून मला त्याच्यावर रागवताही येईना.

मी म्हटलं, "ती रोज सकाळी सहाला कीर्तन लावायची, ते तुला दिसत होतं ना?"

"छह बजे? नहीं ताई, टाइम कौन देखता है. क्यों, क्या हुआ?"

"काही नाही," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभी होते. खाली लोक भाजी घेऊन घरी चालले होते. मावशीला काय सांगायचं? तुझ्या मुलाला तुझी कीर्तनं मध्ये येत होती, हे? ते मी मेले तरी सांगणार नव्हते. मग सांगायला उरलं काय? खोटं.

बुधवारी गेले आणि तिच्या डब्यात मी बंद केलेली एक गोष्ट पुन्हा सुरू केली, काय पाहिलं ते लक्षात ठेवण्याची. तिला म्हटलं, मुलाशी बोलणं झालं, आता त्यांच्या घरचं पुन्हा दिसेल. ती म्हणाली, "अच्छा." बस एवढंच.

खातं माझ्या नावाचं होतं. म्हणजे मी माझ्या घरी त्याच खात्यावर, त्याच 'अ'च्या कोपऱ्यात काही पाहिलं की ते मावशीच्या टीव्हीवर उमटणार. ते अस्वल शोधून काढायला मला पाऊण तास लागला. मग रोज रात्रीची पोळी-भाजी आटोपली की आठ वाजता मी अस्वल लावायला लागले. आधी नुसतं लावून ठेवायची आणि भांडी घासायची. मग मुकाट समोर बसायला लागले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, एकटी, मांडीवर शाल, आणि समोर एक अस्वल सायकलचं पंक्चर काढतंय. पण सांगते, आठ वाजता मला काहीतरी काम असायचं. आधी सात वाजल्यानंतर माझ्या दिवसात काहीच नसायचं, फक्त झोप येण्याची वाट.

शनिवारी थोडं केकचंही लावायची, सूनबाईच्या वाटचं. लढाईचे सिनेमे लावून अर्ध्यात सोडायची. त्यासाठी मला फार प्रयत्न करावे लागले नाहीत.

मावशीकडे टाळ पुन्हा ऐकू यायला लागले. पायरी चढताना ते कानावर आले तेव्हा मला भरून आलं. ती मला अस्वलाच्या बातम्या द्यायची. "काल दोन भाग झाले." "परवा मधेच सोडून दिलं, झोप आली असेल." मी मान हलवायची. एकदा तिने विचारलं, "बरंच असेल न पोट्टं?" मी म्हटलं, बरंच असेल. आणि चहाचा कप तोंडाला लावला, म्हणजे तोंड दिसायला नको. असं महिनाभर चाललं. मला वाटत होतं, जमलं.

गुढीपाडव्याच्या सुमारास माझं अंग मोडून आलं. ताप चढला. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि पडून राहायला सांगितलं. मी पडून राहिले. वरच्या भाभीजींना सांगितलं असतं तर त्यांनी वरण-भात आणून दिला असता, पण मला सांगवत नाही, स्वभाव. बुधवारी येत नाही असं मावशीला मंगळवारीच फोनवर सांगून टाकलं, घरात रंगाचं काम काढलंय म्हणून. तापाचं बोलले नाही. दोन दिवस मी उठले ते फक्त पाण्याला. टीव्हीची आठवणही झाली नाही. दोन दिवसांत माझ्या दारावर कोणी आलं नाही, फोन वाजला नाही. पडल्या पडल्या मनात आलं की आत्ता इथे काही झालं तर रविवारपर्यंत कोणाला कळायचं नाही. हा विचार काही नवा नव्हता. तापात तो जरा जास्त वेळ बसला एवढंच.

गुरुवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला. मावशी. ती स्वतःहून कधी फोन करत नाही, नेहमी मीच करते.

"बरी आहे न तू?"

"हो. काहून?"

"खोटं नको बोलू. दोन दिवस झाले, अस्वल हललं नाही."

सवयीने म्हणून गेले, "पोट्टं कुठे गावाला गेलं असेल."

"बेटा," मावशी म्हणाली, "आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिथं सकाळ राहते. पोट्टं त्या वेळेस शाळेत राहते."

एकतीस वर्षं. रेखांश आणि स्थानिक वेळ हा धडा मी एकतीस वर्षं शिकवला, फळ्यावर गोल काढून, पोरींना उभं करून. आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. कीर्तन संपलं, मी मागच्या पानावर गेली, तर रेघ पुढे. रात्रीचे आठ वाजून गेले होते. मी म्हटलं, अच्छा, ही आहे."

"मग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तर तू बंद केलं असतं."

मी डोळे मिटून घेतले. म्हणजे महिनाभर ती मला जे सांगत होती, काल दोन भाग झाले, परवा झोप आली असेल, ते नातवाचं नव्हतंच. बरंच असेल न, हेही नातवाचं नव्हतं.

"ताप आहे?" तिने विचारलं.

"आहे थोडा."

"कोणी आहे जवळ?"

"नाही."

"मला तर जिना चढवत नाही तुझा," ती म्हणाली. मग म्हणाली, "असं कर. फोन नको ठेवू. उशीपाशी राहू दे चालू. मीही ठेवत नाही. मी माझं काम करते, तू झोप."

मी स्पीकर सुरू केला आणि फोन उशीवर ठेवला. तिकडून तिच्या चपलांचा आवाज आला, नळाचा आवाज आला. कुकरचं झाकण लावल्याचा आवाज आला. ती कोणाला तरी हिंदीत म्हणाली की आज धनिया नको. मी ऐकत पडले. मध्येच मला खोकल्याची उबळ आली आणि थांबेना. चेरीतालच्या स्वयंपाकघरातून आवाज आला, "उठ, पाणी पी." मी उठले आणि पाणी प्यायले.